बंद दाराचं नांदतं घर

मार्च लागला की आमच्या अमळनेरात कडुलिंब पानं टाकायला लागतो आणि मी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला लागते. कडुलिंबाला त्याचं काम येतं. मला माझं पस्तीस वर्षांत नीट आलेलं नाही. ज्वारी भिजते, दळून येते, पातेल्यात घाटा रटरटतो, त्यात जिरं, तीळ, लसूण-मिरची पडते, वासाने गल्लीतली दोन-तीन पोरं चमचे घेऊन येतात. इथवर सगळं ठीक. मग गच्चीवरच्या ओल्या कापडावर बिबडी थापायची वेळ आली की माझ्या हाताला काय होतं कोण जाणे. गोल म्हणून सुरू केलेली बिबडी संपेपर्यंत एखाद्या तालुक्याच्या नकाशासारखी दिसते. माझे सासरे, आबा, खाली वाकून बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "हा पारोळा. आणि हा जरा पसरला, म्हणजे साक्री."

यंदा अशाच साक्री-पारोळ्यात मी कोपरापर्यंत बुडालेली असताना खालून हाक आली. खाली उतरून बघते तर एक मुलगी. कॉलेजची, पाठीवर सॅक, कपाळावर उन्हाने आलेला घाम, हातात पॅडला लावलेले कागद. म्हणाली, "काकू, भूगोलाचा प्रकल्प आहे. दोन मिनिटं लागतील. घरात किती जण राहता?"

प्रश्न सोपा होता. माझं उत्तर अडलं. घरात आम्ही दोघं, मी आणि हे. मुलगा आणि सून पुण्यात, मुलगीही पुण्यातच, दुसऱ्या टोकाला. दोन सांगू की पाच? मी ओले हात तसेच वर धरून उभी राहिले आणि सवयीने तिच्या कागदात डोकावले. (दुसऱ्याच्या कागदात डोकावायची सवय मला या घरात लागली, माहेरची नाही.) कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स होता. रेघा वाकड्या, अक्षरं झिजलेली. रकान्यांची नावं वाचत गेले: घर क्रमांक, माणसं, बायका, मुलं, रि, आणि त्याच्या शेजारी ना.

"हे 'ना' म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"ना म्हणजे नाहीत," ती म्हणाली. "घर बंद असलं, कुणी नसलं, की तिथे खूण करायची."

मी तिला म्हटलं, बाई गं, तू आधी आत येऊन बस. पंख्याखाली बस. हात धुऊन चहा टाकते, मग सांगते किती जण राहतो ते.

चहाला आधण ठेवलं, पण मन केव्हाच नव्वदच्या आसपासच्या एका मार्चमध्ये जाऊन बसलं होतं.

*

त्या हिवाळ्यात मी भडगावहून लग्न होऊन इथे आले. पांढरी साडी, बुद्धवंदना, दोन्हीकडची मिळून दोन बस माणसं, आणि सुटकेसमध्ये माझी बी.ए.ची गुणपत्रिका, जी मी कारण नसताना सगळ्यांना दाखवत होते. आबा कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि लोकसंख्येचा भूगोल हा त्यांचा खास विषय होता. मी शाळेत भूगोल शिकले होते तो नद्या-डोंगरांचा. गिरणा कुठे उगम पावते ते मला पाठ होतं. माणसांचाही भूगोल असतो हे ऐकून मला हसू आलं होतं. माणसं मोजली, लिहिली, झालं. त्यात शिकायचं ते काय?

सासूबाईंचंही मत फार वेगळं नव्हतं. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्का घरात खानदेशीच बोलायच्या, 'सगळा'ला 'बठ्ठा' आणि 'आहेत'ला 'शेतस'. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तुन्हा सासरा बठ्ठा जिल्हाना मानसे मोजस, आन घरमा जेवाले किती जन शेतस ते माले इचारस!"

मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आबांनी मला समोर बसवलं. हातात पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी, कानावर पेन्सिल. मला वाटलं, काही घरच्या रीतीभाती सांगतील.

"नाव?"

"निर्मला."

"जन्मस्थान?"

"भडगाव."

"इथे येण्यापूर्वीचं गाव?"

"भडगावच."

"स्थलांतराचं कारण?"

 नव्या सुनेने याचं काय उत्तर द्यायचं? आतून अक्का कडाडल्या, "अवो, तुम्हीनच बस करीसन लयनात ना तिले! आते कारन इचारतस?"

आबांनी शांतपणे लिहिलं: लग्न. आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "या देशात सगळ्यात जास्त गाव कोण बदलतं, माहीत आहे? तुम्ही बायका. आणि कुणी तुम्हाला प्रवासी म्हणत नाही." मला त्यातलं काही कळलं नाही. पण त्या रात्री भडगावची आठवण येऊन रडले तेव्हा, आपण एकटेच नाही, एका मोठ्या तक्त्यात आहोत, असं वाटून जरा हलकं वाटलं. तक्त्याने हलकं वाटलेली जगातली पहिली सून मीच असेन.

आबांचा प्रबंध तेव्हा शेवटाला आला होता. किती वर्षं चालला होता हे अक्कांना विचारावं. त्यांच्या सगळ्या बाळंतपणांच्या आठवणींत आबा कुठल्यातरी गावाला घरं मोजत होते. विषय असा: साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात जे पाडे आहेत, तिथली माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला, मजुरीला खाली उतरतात, गुजरातच्या बाजूला जातात आणि होळीला परत येतात. पावसावरची नागली-मका घरात आली, ती पुरेल तेवढी पुरली, की निघायचं. दरवर्षी जायचं आणि दरवर्षी यायचं. आबा म्हणायचे, "पाखरं अशी जातात-येतात तर लोक दुर्बीण घेऊन बसतात. माणसं गेली की म्हणतात, गाव ओस पडलं."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बंद दारं दोन प्रकारची असतात. एका दारामागे कुणीच उरलेलं नसतं. दुसऱ्या दारामागे सगळे असतात, फक्त आत्ता नसतात. बाहेरून दोन्ही दारं सारखीच दिसतात. डोंगरातल्या घरांना कुलूपही नसतं, दाराला काटेरी फांदी आडवी लावली की झालं. मग मोजणाऱ्याने ओळखायचं कसं? दुसरं कुणी असतं तर हा प्रश्न सोडून पुढच्या घराकडे गेलं असतं. आबा त्या दारासमोर वीसेक वर्षं उभे राहिले.

*

आता माझ्या कर्तबगारीकडे येते.

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगते, कारण त्या घरात तेव्हा माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं तेवढंच होतं. भाकरी फुटायची, बिबडी तालुक्यासारखी व्हायची, पण अक्षर मोत्यासारखं. बाकीच्या गावांच्या वह्या आधीच पक्क्या झाल्या होत्या. शेवटच्या एका पाड्याच्या नोंदी मात्र सुट्या चिठ्ठ्यांवर होत्या, जानेवारीत आबा तिथे राहून आले होते. त्यांनी मला चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "यांचा एक तक्ता करून दे. धुळ्याला टायपिंगला द्यायचाय."

मला इतका आनंद झाला की बी.ए.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

चिठ्ठीवर प्रत्येक घराची नोंद. काहींच्या कोपऱ्यात 'रि', पुष्कळांच्या कोपऱ्यात 'ना'. रि म्हणजे रिकामं, हे मी ताबडतोब ओळखलं. ना म्हणजे नाही, हेही ओळखलं. रिकाम्या घरात कुणी नाही, आणि कुणी नाही ते घर रिकामं. मग दोन रकाने कशाला? आबांचं वय झालंय, एकच गोष्ट दोनदा लिहितात, असं मनात म्हणत मी दोन्हींचा एक सुबक रकाना केला. वर ठळक अक्षरात लिहिलं: रिकामी घरे. बेरीज पहिल्याच फटक्यात जुळली. चुकीची बेरीज इतकी सुंदर जुळते हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

काम संपल्यावर टापटीप. टेबल स्वच्छ हवं. चिठ्ठ्या आता उतरवून झाल्या, म्हणजे त्यांचं काय काम? त्याच दिवशी अंगणात दगडांची चूल मांडून अक्कांनी बिबड्यांचा घाटा चढवला होता, आणि लाकडं ओली निघाली होती. मी पुढे होऊन म्हटलं, "अक्का, हे घ्या, हे कागद चांगले पेटतील."

चांगले पेटले.

आठवड्याने धुळ्याहून टाईप केलेली पानं आली. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळी गिरणीकडून वारा आला की घरात तेलाचा एक जड, गोडूस वास भरायचा. त्या वासात आबा खुर्चीत बसून पट्टी धरून एकेक ओळ वाचत होते. मी दारात उभी, शाबासकीसाठी. वाचता वाचता पट्टी थांबली. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"निर्मला, चिठ्ठ्या कुठे आहेत?"

मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी अंगणाकडे बोट केलं, जिथे बिबड्या वाळत होत्या.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ना म्हणजे नाही, असं वाचलंस?"

"हो."

"ना म्हणजे नांदतं."

एवढंच बोलून त्यांनी पट्टी त्या पानावर आडवी ठेवली. नांदतं. मला, जी दोन-तीन महिन्यांपूर्वी या घरात नांदायला आले होते, तिला तेवढा एक शब्द सुचला नव्हता. मी आख्खा पाडा ओस पाडला होता. मोत्यासारख्या अक्षरात.

*

प्रबंध आठवड्याभरात द्यायचा होता. आबा त्याच वर्षी निवृत्त होणार होते. तारीख हुकली तर निवृत्तीनंतर नव्याने परवानगी, नवे अर्ज, आणि नोकरीत असताना नावापुढे डॉक्टर लागायचं राहूनच जाणार. दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरने जळगावला त्यांच्या मार्गदर्शकांकडे गेले. मार्गदर्शक आबांपेक्षा वयाने दहा वर्षांनी लहान, पण भले गृहस्थ. त्यांनी चहा दिला आणि मनापासून सांगितलं, "आबासाहेब, एवढ्या घरांत त्या एका पाड्याने काय फरक पडतो? तुम्हाला तर घरं तोंडपाठ आहेत. आठवून भरून टाका."

आबा घरी येऊन मला म्हणाले, "आठवून भरलं तर त्याला गोष्ट म्हणतात. तक्ता म्हणत नाहीत. उद्या साक्रीला जायचं. तूही चल."

"मी?"

"चूक तुझी, आणि पाय एकट्या माझे?"

अक्का म्हणाल्या, "आन तारीख? चुकनी म्हंजे?"

"चुकू दे."

"एक पाडाकरता?"

आबा म्हणाले, "बाकीचा प्रबंध त्या पाड्यासाठीच तर लिहिलाय."

अक्का आत गेल्या, आणि थोड्या वेळाने आमच्यासाठी दशम्या करायला बसल्याचा आवाज आला.

आजही मार्चमध्ये धुळ्याच्या स्टँडवर उतरले की तो दिवस अंगावर येतो. तापलेल्या पत्र्याचा आणि डिझेलचा वास, उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज, टोपल्यांतली बोरं संपत आलेली आणि द्राक्षं नुकती आलेली. साक्रीपर्यंतच्या बसमध्ये माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती. रस्त्याकडेच्या रानांत दादर ज्वारी कापून आडवी पडली होती, तिच्या पिवळ्या चिपाडांवर ऊन असं चमकत होतं की डोळे मिटून घ्यावेत. साक्रीच्या पुढे रस्ता चढायला लागला आणि पळस दिसले. पानं नाहीत, नुसता लाल रंग. मी म्हणाले, "आबा, केवढा सुंदर!" आबा म्हणाले, "पळस फुलला म्हणजे माणसं परत यायला फार दिवस नाहीत. चल लवकर."

पाडा टेकडीच्या कुशीत होता. तीसेक घरं, एकमेकांपासून लांब लांब, जवळजवळ प्रत्येक दाराला काटेरी फांदी. मोहाची फुलं गळायला लागली होती, त्यांचा तो मादक वास आणि वर पूर्ण शांतता. कोंबडंसुद्धा आरवत नव्हतं. खरं सांगते, मला मनातून जरा सुटल्यासारखं वाटलं. हे रिकामंच तर आहे! माझा तक्ता काही अगदीच चुकलेला नाही.

तेवढ्यात एका घराच्या कौलांतून धूर आला.

त्या घराच्या दाराची फांदी बाजूला केलेली होती. आतून एक म्हातारी वाकून बाहेर आली, डोळे चोळत, पदराने तोंड पुसत. आबांना बघून हसली. रमीबाई. पाड्यात मागे राहिलेल्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांपैकी एक.

"हे तुमचं घर?" मी विचारलं.

"नही व माय. मन्हं तठे, आंबाजवळ. हाई देवल्यानं."

"तो कुठे आहे?"

"ऊस तोडाले गया. बठ्ठा गयात."

"मग इथे कोण राहतं?"

रमीबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं अक्का माझ्या भाकरीकडे पाहायच्या. "बठ्ठा आठेच राहतस. आते नहीत, एवढंच."

आणि तिने मला हाताला धरून आत नेलं, अंधारात, धुरात, आणि बोट वर केलं. आढ्याला मक्याची कणसं टांगलेली होती. सालं उलटी करून एकमेकांना बांधलेल्या जुड्या, धुराने काळपट झालेल्या, पण आतला दाणा पिवळाधमक. शेजारी भोपळ्याच्या तुंब्यात नागलीचं बी. पावसाळ्यात पेरायचं बी. माणसं जाताना ते बरोबर नेत नाहीत. नेण्यासारखी ती गोष्टच नाही. घर सोडून जाणारा बी घेऊन जातो, परत येणारा आढ्याला टांगून जातो.

"धूर नही करा तं बीले किडा लागस," रमीबाई म्हणाली. "मंग येवावर काय पेरतीन?"

म्हणून ती रोज सकाळी दोन-तीन घरांत जायची. काटेरी फांदी सरकवायची, चूल पेटवायची, वर काही शिजत नसताना. धूर आढ्यापर्यंत जाईस्तोवर बसून राहायची. मग चूल विझवून, फांदी परत लावून पुढच्या घरी. आठ-दहा दिवसांत पाड्याची एक फेरी पुरी व्हायची. दिवाळीपासून होळीपर्यंत. तिला हे कुणी सांगितलं होतं, असं विचारलं तर तिला प्रश्नच कळेना.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या मागे घरोघर फिरलो. आबा दारात उभे राहायचे, मी आत जायचे. "वर बघ," आबा म्हणायचे. "दार बघू नकोस, आढ्याकडे बघ." आढ्याला बी असलं की मी ओरडायचे, "ना!" आणि आबा लिहायचे. मोजक्या तीन-चार घरांत आढं कोरडं निघालं. कोळ्यांची जाळी, पडलेली कौलं, चुलीत उंदरांचं बीळ. तिथे रमीबाई पाऊल ठेवत नव्हती. बाहेरूनच म्हणायची, "त्या येवाव नहीत." त्या घरांसमोर मला 'रि' म्हणताना आवाज खाली आणावासा वाटायचा.

दुपारी रमीबाईने नागलीची भाकरी दिली, आणि वर मिरचीचा ठेचा, जो खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला वाटलं, मी रडतेय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुन्हं गाव कोनतं व माय?"

मी अमळनेर म्हणायला गेले आणि तोंडून भडगाव निघालं.

"तठे कोन शे?"

"आई आहे."

"मंग ती करत व्हई धूर," रमीबाई म्हणाली, आणि भांडी घासायला निघून गेली.

आता मात्र ठेच्यावर सगळा दोष ढकलता आला नाही.

*

परतीच्या बसमध्ये आबा खिडकीशी बसले होते. पायांवर धूळ, मांडीवर चिठ्ठ्यांची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. (माझ्यापासून लांब.) मी म्हटलं, "आबा, माझ्यामुळे तुमची तारीख गेली."

त्यांनी पिशवीचे बंद पुन्हा आवळले. मग म्हणाले, "माझे वडील जिनिंगात कामाला जायचे. आम्ही सगळेच जायचो, कापसाच्या हंगामात, चार महिने. मी सहा-सात वर्षांचा असेन. एकदा परत आलो तर आमच्या घरात दुसऱ्याची वैरण भरलेली. कुणी म्हणे, घर रिकामं होतं, तशी नोंद आहे. वडील म्हणत होते, रिकामं कसं, आत माझ्या आईचं जातं आहे. ते दारातल्या माणसाला सारखं एकच सांगत होते. जातं आहे आत. जातं आहे."

"मग?"

"मग काय. वैरणीखाली जातं होतंच. पण घर गेलं." बस एका खड्ड्यातून गेली. "तेव्हा कुणी आत जाऊन बघितलं असतं ना, एकदा..."

आबा वाक्य अर्धं सोडणाऱ्यांतले नव्हते. वर्गात म्हणे त्यांचं प्रत्येक वाक्य पूर्णविरामासकट यायचं. हे एक अर्धंच राहिलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भडगावला तुझं काय आहे अजून?"

मी आठवून सांगितलं, "सायकल. आई कुणाला देत नाही. दर आठवड्याला हवा भरून ठेवते म्हणे. मी चिडवते तिला."

"मग तिथल्या घरात तुझ्या नावापुढे काय लिहायचं?"

 धुळ्याच्या स्टँडवर उतरताना आबांनीच खिशातून पेन्सिल काढली. माझी ती पहिल्या आठवड्यातली चिठ्ठी त्यांच्या पाकिटात होती, हे मला तेव्हा कळलं. स्थलांतर, कारण लग्न. त्याच्याखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: भडगाव, ना.

*

तारीख हुकली. तक्ता नवा झाला, धुळ्याला परत टाईप झाला, जळगावला बांधणी झाली, काळ्या कापडावर सोनेरी अक्षरं. पण तोवर आबा निवृत्त झाले होते. नव्या परवानगीचे अर्ज केले, त्याला शंका आल्या, शंकांना उत्तरं पाठवली, मग आबांनी पाठवणं सोडून दिलं. "तक्ता बरोबर झाला ना," म्हणायचे. आमच्या यांनी हौसेने दाराच्या पाटीवर 'डॉ.' एवढी जागा सोडून आबांचं नाव रंगवून घेतलं होतं. ती जागा शेवटपर्यंत तशीच राहिली. पोस्टमन नवा आला की विचारायचा, पुढचं अक्षर पुसलं गेलंय का.

विद्वान माणसांनी जगाला काय काय दिलं याच्या याद्या असतात. आमच्या आबांनी एक रकाना दिला. इकडून प्रबंधाची प्रत कुणी विद्यार्थी घेऊन जायचा, तिकडून कुणी आश्रमशाळेतला मास्तर येऊन तक्त्याचा कागद उतरवून न्यायचा. आबा कुणाला नाही म्हणायचे नाहीत, फक्त माझ्याकडे बघून म्हणायचे, "चुलीपासून लांब ठेव रे बाबा." अक्का गेल्या, मग आबा गेले. काळ्या कापडातला प्रबंध माझ्याकडे कपाटात आहे. मला वाटायचं, तो तिथेच संपला.

आणि पस्तीस वर्षांनी माझ्या ओसरीवर ही मुलगी, झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स घेऊन.

चहाचा कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, "हा फॉर्म कुणी केला गं?"

"माहीत नाही. सर म्हणतात जुना आहे, पहिल्यापासून असाच चालत आलाय."

"आणि बंद घर दिसलं की काय करता?"

"आधी वर बघायचं," ती पटकन म्हणाली. "आढं, माळा, जे असेल ते. असं सरांनी सांगितलंय. का ते नाही सांगितलं."

मला हसू आलं. आबांची पद्धत डोंगर उतरून, कुणाच्या ना कुणाच्या हातातून, त्यांच्याच घरी परत आली होती. नाव वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. आणि नेमकी माझीच चूक तिच्या पाठीवर बसून आली होती. पस्तीस वर्षांत किती पोरांनी 'ना' म्हणजे नाही वाचलं असेल! त्यांना दोष देणारी मी कोण?

"लिहून घे," मी म्हटलं. "ना म्हणजे नांदतं."

तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "बंद असलं तरी?"

"बंद असलं तरी."

तिने रकान्याच्या वर, त्या झिजलेल्या अक्षरापुढे, हळूहळू उरलेलं लिहिलं. मग आपलं काम आठवून म्हणाली, "पण काकू, तुमच्याकडे किती लिहू? दोन की पाच?"

आमच्या घराला आता आढं नाही, स्लॅब आहे. तरी ती शिकवल्याप्रमाणे आपोआप वर बघायला लागली. माळ्यावर मुलाचा कॅरम बोर्ड उभा आहे, शेजारी मुलीची हार्मोनियम, तिच्यावर जुन्या साडीचा अभ्रा. ती पोरगी खुर्चीवरून उठली, टाचा उंचावून तिने बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं.

"याच्यावर धूळ नाही," ती म्हणाली.

"दर रविवारी पुसते," मी म्हटलं. "हार्मोनियमचा भाताही जरा हलवून ठेवते. नाहीतर कसर लागते."

तिने मान हलवली, परत बसून पॅड गुडघ्यावर घेतलं आणि लिहिलं. मी डोकावून पाहिलं. तिने पाच लिहिले होते.